बिसावची बी आणि आमची बी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

काजूचा हंगाम लागला की आपल्या पत्रव्यवहारात एक मागणी दरवर्षी वाचायला मिळते: आफ्रिकेची काजूबी बंद करा, तिनेच आमचा भाव पाडला. मी स्वतः बागायतदार आहे. केरी-सत्तरीला डोंगरउतारावर आमची बाग आहे, आणि टाळेबंदीच्या वर्षी किलोला जेमतेम शंभर रुपये मिळाले तेव्हा गडीमाणसांची मजुरी कशी भागवायची या चिंतेत मीही रात्री काढल्या आहेत. पण त्याआधी बावीस वर्षे मी काजूच्या कारखान्यात बी फोडली, सोलली, प्रतवारी केली. पावसाळ्यात गोव्याची बी संपली की आम्हाला काम मिळे ते आफ्रिकेच्या बीवर. माझ्या दोन्ही मुलांच्या फिया तिच्यावर भरल्या आहेत. म्हणून हे पत्र.

एकदा कारखान्यातले रिकामे पोते मी मिरच्या वाळवायला घरी आणले. सासरे पोर्तुगीज अमदानीत ‘प्रिमेर ग्राव’, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळा शिकलेले. त्यांनी पुसट अक्षरांवरून बोट फिरवत वाचले: ‘कास्तान्य द काजू’, म्हणजे काजूची बी, आणि खाली ‘बिसाव’, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाव देशाची राजधानी. म्हणाले, “बाय गो, तिथेही पाखल्यांचेच राज्य होते.” पाखले म्हणजे पोर्तुगीज. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला सुटला. गिनी-बिसावच्या लोकांना मात्र अमिल्कार काब्राल यांच्या मागे अकरा वर्षे रानावनात लढावे लागले. जानेवारी १९७३ मध्ये काब्राल यांची हत्या झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांच्या लोकांनी स्वातंत्र्य जाहीर केले. पोर्तुगालने ते १९७४ मध्ये मानले, आणि गोव्याचे भारतातले विलीनीकरणही त्याच वर्षाच्या शेवटी मानले. हे सगळे मला त्या पोत्यामुळे कळले. मिरच्या वाळायला दोन दिवस उशीर झाला.

पुढे माझा भाचा एका व्यापाऱ्यातर्फे दोन हंगाम बिसावला राहून आला. काम बी कापून पाहण्याचे: नमुन्याची बी मोजून घ्यायची, कापायची, सडकी-पोचट बाजूला काढायची आणि ८० किलोच्या पोत्याला किती पौंड गर पडेल याचा हिशेब लावायचा. तिथल्या बीला पन्नास पौंडांच्या आसपास गर पडतो. इतकी भरलेली बी आम्हीही कमी पाहतो. हंगाम आपल्यासारखाच, उन्हाळ्याचा. बायका काजूचे बोंडू पिळून रस काढतात, तो आंबवून पितात. “मावशी, वास आला की वाटायचे आपल्या बोंडू मळायच्या कोळमीवरच उभा आहे,” तो सांगत होता.

पण त्याने पाहिलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. एक म्हातारी डोक्यावर घमेले भरून बी घेऊन गावातल्या दुकानावर आली. दुकानदाराने बी तोलली आणि पैसे न देता तांदूळ मोजला: दोन किलो बीला एक किलो तांदूळ. तांदळाच्या पोत्यावर नाव होते काकिनाड्याचे! म्हणजे आपल्याकडचा तांदूळ तिकडे जातो, तिची बी इकडे येते, आणि मधली सगळी कमाई तिच्या घमेल्याच्या वरून निघून जाते. हीच बाई पूर्वी खारफुटीच्या बांधातल्या शेतात भात पिकवायची. १९८० च्या दशकात व्यापार खुला झाला, जो तो काजू लावत सुटला, भातशेती मागे पडली. आज त्या देशाच्या निर्यातीत काजू सोडून फारसे काही नाही, आणि ती जवळजवळ सगळी कच्ची बी भारताला आणि व्हिएतनामला जाते.

तिथे कारखाने का नाहीत, असे कोणीही विचारील. मी कारखान्यात होते, म्हणून सांगते. वर्षभर चालायचे तर तीन महिन्यांत वर्षाची बी विकत घेऊन ठेवावी लागते. एवढे भांडवल वाजवी व्याजाने देणारी बँक तिथे नाही. वीज भरवशाची नाही. आणि मोठे दुखणे म्हणजे सरकारची तिजोरीच कच्च्या बीच्या निर्यात करावर अवलंबून आहे. बी देशातच फुटू लागली तर कर कोणावर घेणार? २०११ मध्ये प्रक्रिया उद्योग उभारायचा म्हणून निर्यातीवर किलोमागे ५० फ्रँकचा निधी लावला. व्यापाऱ्याने ते पैसे शेतकऱ्याच्या भावातूनच कापले. पुढच्याच वर्षी निवडणुकीच्या दोन फेऱ्यांमध्ये लष्कराने सत्ता घेतली. सरकार दरवर्षी किमान भाव जाहीर करते, पण खेड्यात तो द्यायला लावणारे कोणी नाही, म्हणून पुष्कळ बी रातोरात सीमेपलीकडे सेनेगलला जाते.

शेजारच्या काही देशांनी मात्र धीर केला. बेनिनने १ एप्रिल २०२४ पासून कच्ची बी बाहेर पाठवणे बंद केले. कोतोनूजवळ ग्लो-जिग्बे येथे कारखाने उभे केले आहेत. जगात सर्वांत जास्त बी पिकवणारा आयव्हरी कोस्ट तयार गरावर किलोमागे अनुदान देतो. मला त्यांचे कौतुक वाटते, आणि भीतीही वाटते, कारण ती बी आली नाही तर इथल्या माझ्या मैत्रिणींच्या हातचे काम जाईल. ही भीती मी लपवत नाही. त्याला उपाय आपल्याच बागेत आहे. चाळीस-पन्नास वर्षांची म्हातारी झाडे काढून वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ किंवा आपल्या बाळ्ळीच्या झाडावरून निवडलेली कलमे लावायला हवीत. कलम धरेपर्यंतच्या तीन-चार वर्षांत घर कसे चालवायचे, एवढाच आमचा प्रश्न आहे. आधारभूत किंमत १२५ वरून १५० रुपये झाली याबद्दल मी सरकारची आभारी आहे, पण त्या मधल्या वर्षांचा विचार तिच्यात नाही.

दुसरे मागणे पाकिटाबद्दल. मागे एका दुकानात ‘अस्सल गोवा काजू’ लिहिलेले पाकीट पर्यटक घेत होते. मी एक गर तोंडात टाकला. बावीस वर्षे सोललेली बी जिभेला कळते. ती आमची नव्हती. आपल्या काजूला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा धाक दुकानात दिसायला हवा. बी बिसावची असेल तर बिसावची, बेनिनची असेल तर बेनिनची, असे मोठ्या अक्षरांत छापा. त्यात आमच्या बीचे मोल राहील आणि त्या म्हातारीच्या बीलाही तिचे गाव मिळेल.

भारत सरकार ‘आयटेक’ योजनेखाली आफ्रिकेतल्या लोकांना इथे बोलावून प्रशिक्षण देते. बिसावच्या पंधरा-वीस बायकांना एका हंगामापुरते गोव्यात आणावे, एवढी माझी विनंती आपण सरकारपर्यंत पोहोचवावी. टरफलाच्या तेलाने बोटांची साले जाऊ नयेत म्हणून एरंडेल कधी आणि किती लावायचे, अख्खा गर न मोडता पापुद्रा कसा उतरवायचा, ३२० ची प्रत (एका पौंडात सुमारे ३२० गर) नुसत्या नजरेने कशी ओळखायची, हे पुस्तकात सापडत नाही. शिकवायला मी वाळपईपर्यंत रोज यायला तयार आहे. पैसे नकोत.

आपली नम्र,
एक काजू बागायतदार, केरी-सत्तरी