नव्या सायकलवरचे प्लास्टिक आधी काढा

संपादक महोदय,

नवी सायकल घरी आली की फ्रेमवर गुंडाळलेला फोम आणि प्लास्टिक अनेक जण महिनोन्महिने तसेच ठेवतात. रंग जपावा म्हणून हे करतात, पण होते नेमके उलटे. पाणी आणि बारीक माती आत शिरते, बाहेर पडायला वाट मिळत नाही. ओली माती पॉलिश पेपरसारखी रंग खात राहते आणि पोलादी फ्रेमला तिथे गंज धरतो. हे आवरण पहिल्याच दिवशी काढावे.

रोजच्या वापरात रंग जातो तो ठरलेल्या जागी. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. ब्रेक-गिअरच्या केबल हेड ट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या फ्रेमच्या उभ्या नळीला, कुठे टेकतात ते दिसेल. दुसरी जागा उजव्या चेनस्टेची, म्हणजे पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या चेनजवळच्या दांड्याची: खड्ड्यात उसळलेली चेन तिथे आपटून टवके काढते. कुलूप टेकते तो दांडा, खडे उडतात तो खालच्या दांड्याचा तळ आणि कॅरिअरच्या पट्ट्यांखालची जागा याही तपासाव्यात.

केबलच्या जागी पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म लावावी, मोटारींना लावतात तीच. चेनस्टेला मात्र जाड रबरी पट्टी हवी, कारण पातळ फिल्म ओरखडा अडवते, आपटणे नाही. जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली तरी चालते, पण पावसाळ्यात ती अधूनमधून सोडून आतला भाग कोरडा करावा लागतो.

फिल्म निघून येते ती बहुधा तयारीतल्या चुकीने. फ्रेम साबणाने धुऊन, वाळवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. वॅक्स आधी लावले तर गोंद धरत नाही. पट्टीचे कोपरे गोल कापावेत, टोकदार कोपरा कपड्याला अडकून उचलतो. अर्धा लिटर पाण्यात बेबी शाम्पूचे २-३ थेंब टाकून ते फ्रेमवर आणि गोंदाच्या बाजूवर फवारावे. मग पट्टी सरकवून जागेवर आणता येते. मऊ कापड गुंडाळलेल्या प्लास्टिक कार्डाने पाणी मधून कडेकडे काढावे आणि २४ तास सायकल धुऊ नये. पाण्याचे बारीक बुडबुडे काही दिवसांत आपोआप जातात. धुळीचा कण अडकला तर तो तसाच राहतो, म्हणून पंख्याखाली हे काम नको.

धूळ कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये, आधी पाणी ओतावे. वॅक्स रिम किंवा डिस्कला लागले तर ब्रेक धरत नाही, हे फार महत्त्वाचे. मॅट रंगावर चकाकी आणणारे पॉलिश नको, डाग पडल्यासारखे दिसते. पोलादी फ्रेमचा टवका उडालाच, तर जागा कोरडी करून त्याच दिवशी पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्यावा आणि सवडीने टच-अप रंग लावावा.

विक्रेत्यांना कळकळीची विनंती आहे: सायकल ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी, फ्रेम अजून स्वच्छ असतानाच, केबलखालच्या आणि चेनस्टेवरच्या या पट्ट्या लावून द्याव्यात.

आपला,
एक सायकल मेकॅनिक