बाबा, तो गॅस नाही

ति. आई-बाबा,
सा. न.

आई, काल फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, कुशीवर वळताना ह्यांच्या छातीत ‘टक्’ वाजतं. मागून बाबांचा आवाज, "काही नाही गं, गॅस आहे." बाबा, गॅस असा वाजत नाही.

बायपासला छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी आवळतात. वरचे टाके सुकले की घरच्यांना वाटतं झालं सगळं. हाड जुळायला सहा-आठ आठवडे लागतात, पक्कं व्हायला तीनेक महिने. मोडलेला हात प्लास्टरमध्ये गप्प ठेवता येतो, छाती दर श्वासाला हलतेच. त्यात तुमची शुगर. शिवाय हृदयाला जोडलेली एक रक्तवाहिनी ह्याच हाडामागून काढलेली, म्हणजे हाडाचाही रक्तपुरवठा कमी झाला. आणि बिडी सुटली तरी खोकला कुठे सुटलाय?

तार सैल झाली, की हाडाचे दोन भाग एकमेकांवर सरकतात आणि असा आवाज येतो. सुरुवातीला थोडंफार वाजतं आणि आपसूक थांबतंही. पण अडीच महिने होऊन गेल्यावर, दुखतही असताना, ते सर्जनच्या हातानेच तपासून घ्यायचं. साध्या एक्स-रेत नेहमी कळत नाही, सीटी स्कॅन सांगतील बहुधा. जुळलंच नसेल तर परत तारा किंवा टायटॅनियमच्या पट्ट्या घालतात. लगेच ऑपरेशनच म्हणतील असं मात्र नाही, तेव्हा आधीच घाबरून बसू नका.

आई, टाक्यांच्या जागी लाली आली, पाणी किंवा पू दिसला, ताप चढला, तर माझी वाट बघू नकोस. त्याच दिवशी रिक्षा कर. काकू हळदीचं तेल चोळायला सांगतात ना, ते अजिबात नको.

बाबा, खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरा. उठताना पलंगावर हात रेटू नका. आणि बादली! "अर्धीच तर होती" म्हणता, पण अर्धी बादलीसुद्धा सात-आठ किलो भरते. पाणी तापवून न्हाणीत ठेवायला शेजारचा पोरगा येईल, मी बोललेय त्याच्याशी. त्याला परत पाठवू नका, तुमची सवय माहीत आहे मला.

रविवारी रात्रीच्या गाडीने येते. सोमवारची ओपीडी गाठू. डिस्चार्जचे कागद आणि शुगरची वही पिशवीत काढून ठेव, आई. वहीतले आकडे खरे असू देत, बाबांनी सांगितलेले नकोत.

तुमची,
छोटी