शनिवारच्या तालमीत सोलो सगळ्यांनी घ्यायचा आहे

बिग बँडच्या मंडळींनो, शनिवारी संध्याकाळी ठीक 5 वाजता कॉलेजच्या हॉलमध्ये तालीम आहे. सीताबर्डीच्या गर्दीत अडकलो, ही सबब आता जुनी झाली.

या वेळी बी फ्लॅट पट्टीतला 12 बारचा ब्लूज (बार म्हणजे ठेक्याच्या मात्रांचा एक गट). काही वाद्यांवर लिहिलेला सूर वेगळ्या पट्टीत ऐकू येतो, म्हणून ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सनी तो सी मध्ये वाजवायचा, ऑल्टो-बॅरिटोन सॅक्सनी जी मध्ये. ट्रोम्बोन, पियानो, बास आहे तसंच. (मागच्या खेपेचा गोंधळ आठवतोय ना?)

- प्रत्येकाला सोलोची (एकट्याने, ऐन वेळी सुचेल तसं वाजवण्याची) एक फेरी, म्हणजे पूर्ण 12 बार. नवख्यांनी तीनच सूर फिरवले तरी चालेल, पण ठेका सुटता कामा नये.
- घरून पाठ करून आणलेला सोलो नको.
- दुसरा वाजवत असताना मोबाइल बंद.

ड्रमवाल्यांनो, सोलोच्या वेळी हात हलका ठेवा. पेन्सिल सगळ्यांनीच आणा.