बेळगावात टोचलेली लस विमानतळावर ग्राह्य धरली जावी

मा. केंद्रीय मत्स्यपालन, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना घरचा कुत्रा सोबत न्यायचा असतो. अडचण विमानतळावर कळते, पण घोळ झालेला असतो कित्येक महिने आधी, पहिल्या टोचणीच्या वेळी.

युरोपीय संघासाठी भारतातून जाणाऱ्या कुत्र्याला आधी पंधरा आकडी आयएसओ मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळख-चिप, लागते. मग रेबीजची लस, तीही पिल्लू 12 आठवड्यांचं झाल्यावरच. लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त घ्यायचं, संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत रेबीजविरोधी प्रतिपिंडांची पातळी 0.5 आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिली किंवा जास्त यायला हवी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. म्हणजे चार महिने धरूनच चला. लस आधी आणि चिप नंतर झाली, तर ती लस धरतच नाहीत. बूस्टरची तारीख उलटली, तर सगळं पहिल्यापासून.

आमच्याकडे बहुतेक कुत्र्यांना चिप न बसवताच लस टोचली जाते. कार्डावर फक्त तारीख आणि शिक्का. लसीचा बॅच नंबर नाही, चिप क्रमांकाला रकानाच नाही. रक्ताचंही तसंच. सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा द्रव) वेगळं न करता उन्हाळ्यात बाटली तशीच पाठवली की पेशी फुटतात आणि नमुना बाद होतो. लहान वयात एकच डोस झालेल्या कुत्र्यात पातळी कमी येण्याचा धोकाही जास्त, हे मालकाला आधी सांगायला हवं.

अमेरिकेचे नियम 1 ऑगस्ट 2024 पासून बदलले: कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, चिप इथेही लसीच्या आधीच.

निर्यातीचा आरोग्य दाखला आपल्या खात्याच्या क्वारंटाइन कार्यालयातून मिळतो. बेळगावकरांना त्यासाठी मुंबई किंवा बेंगळुरू, दोन्ही साधारण पाचशे किलोमीटर. युरोपचा दाखला दिल्यापासून दहा दिवसांत तिथे पोचावं लागतं. अशा वेळी कार्डावरची एक चूक तिथल्या खिडकीवर सापडली, तर तिकीट वाया जातं आणि कुत्र्याची फरफट होते.

म्हणून मागण्या. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याशी बोलून प्रत्येक तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात चिप स्कॅनर आणि सीरम वेगळं करण्याची सोय द्या. चिप क्रमांक, बॅच नंबर आणि लसीची मुदत यांचे रकाने असलेलं एकच कार्ड ठरवा, कन्नड, मराठी आणि इंग्रजीत. सर्वांत निकडीचं म्हणजे, तिकीट काढण्याआधी कागदपत्रं ऑनलाइन तपासून त्रुटी लेखी कळवण्याची मुदत क्वारंटाइन कार्यालयांना घालून द्या.

दवाखान्यात एक फलकही लावा. त्यावर विमानात कुत्रा ठेवायच्या पेटीची, म्हणजे क्रेटची, मापं हवीत. लांबी म्हणजे नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचं अंतर, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. उंची उभ्या कुत्र्याच्या कानाच्या टोकापर्यंत, अधिक अंथरुणाची जाडी. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना दहा टक्के मोठा. आणि ठळक अक्षरांत: झोपेचं औषध देऊ नका. त्याने रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, आणि सामानकक्षात लक्ष द्यायला कोणी नसतं.

कार्ड आणि फलकाला फक्त छपाईचा खर्च आहे. ते काम येत्या लसीकरण मोहिमेआधी व्हावं, ही विनंती.

आपले,
बेळगाव सीमाभागातील श्वानपालक