तबल्याच्या काकांना, सगळ्यांसमोर

जय ख्रिस्त काका,

हे पत्र तुमच्या घरी येऊन हातात देता आलं असतं. पण तुमचा अपमान मी २२ माणसांसमोर केला, त्यांत शब्बाथ शाळेची पोरंही होती. मग माफी तेवढी दार लावून मागायची, हे मला पटलं नाही. म्हणून हे उघड पत्र.

तुम्ही त्या दिवसाचा विषय कधीच काढला नाहीत, मीच काढतो. गेल्या नाताळाचा सराव. रेव्हरंड टिळकांचं भजन चाललं होतं आणि दुसऱ्या कडव्याला लय दोनदा घसरली. मी पेटीवरचा हात उचलला आणि म्हणालो, "काका, हात थरथरतोय तुमचा. आता पुरे. घरी बसून ऐकत जा." तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं बाबा." तबल्या-डग्ग्यावर खोळ चढवलीत, जोडी चर्चच्या कपाटात ठेवलीत, स्वतःची हातोडी आणि पावडरचा डबा पिशवीत घातलात आणि नाशिकरोडची बस धरायला निघालात. प्रेसमध्ये नोकरी करून ४१ वर्षं त्या जागेवर बसलेला माणूस मी एका वाक्यात उठवला. सराव पुढे चालू झाला, तुमच्या जागी तबल्याचं मशीन लावून.

त्या दिवशी मला कुणीही अडवलं नाही. उलट नाताळच्या उपासनेनंतर कमिटीतल्या तिघांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, "या वर्षी आवाज कसा स्वच्छ होता!"

जूनमध्ये मायको सर्कलला पावसात गाडी घसरली आणि माझ्या मांडीत रॉड बसला, तेव्हा तीच माणसं सफरचंदं घेऊन आली. खाटेभोवती उभं राहून त्यांनी प्रार्थना केली, की प्रभूने आपल्या दासाला नम्र केलं म्हणून उपकार. एकजण चपला घालता घालता म्हणाला, "देवानं तुला बसवलंय, आता तरी विचार कर." मग रोज सकाळी मोबाइलवर गर्वावरची वचनं यायला लागली. वचनं खोटी कशी म्हणू? पण ती वाचून मी आतून आणखी ताठ व्हायचो. वर्षभर ज्यांनी माझ्या तोऱ्याला टाळ्या दिल्या, तेच आता त्यावर औषध सांगत होते. आणि त्यातली बरीच वचनं मी स्वतः व्यासपीठावरून सांगितलेली होती. फिलिप्पैकरांच्या दुसऱ्या अध्यायावर, ख्रिस्ताने दासाचं रूप घेतलं त्यावर, मी तीनदा तरी बोललो असेन. चांगलं बोललो, असं लोक म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं.

मग जुलैअखेरीस एका संध्याकाळी तुम्ही आलात. दोन बस बदलून, भिजत. कमिटीचं काही बोलला नाहीत, प्रार्थना करू का असंही विचारलं नाहीत. चहा घेतलात. पंख्याच्या वाऱ्याने चादर जरा सरकली आणि तुमची नजर माझ्या पायांकडे गेली. सहा आठवडे मला वाकता येत नव्हतं. नखं वाढून पिवळी पडली होती, कडांना मळ बसला होता. हिने दोनदा कापते म्हटलं तर मी तिच्यावर खेकसलो होतो. पाहुणे आले की आधी पाय झाकून घ्यायचो.

तुम्ही हिला नेलकटर मागितलंत, खाली पेपर पसरलात आणि फरशीवर बसलात. मी पाय ओढायला गेलो, "काका, नको, तुम्ही नको." तुम्ही म्हणालात, "हलू नकोस लेका, लागेल."

काका, तुमचा हात खरंच थरथरत होता. प्रत्येक नखाआधी तुम्ही मनगट माझ्या पावलावर टेकवायचात, थरथर शांत होईपर्यंत थांबायचात आणि मग कापायचात. दहाच्या दहा नखं अशी. कुठे साधा ओरखडा नाही. मी छताकडे बघत होतो, कारण डोळे भरले होते आणि तेही तुम्हाला दिसू नये असं वाटत होतं. शेवटी तुम्ही पेपरची पुडी केलीत, खाटेचा कठडा धरून गुडघे सांभाळत दोन दमांत उठलात आणि "जाता जाता टाकतो" म्हणून पुडी शर्टाच्या खिशात ठेवलीत.

त्या रात्री मी योहानाचा तेरावा अध्याय उघडला. हा अध्याय मला पाठ आहे. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी पाळकसाहेब मंडळीतल्या बाराजणांचे पाय धुतात, तेव्हा टॉवेल धरून शेजारी मीच उभा असतो. ते बाराही जण घरून साबणाने पाय घासून येतात. इतकी वर्षं माझं लक्ष पाय धुणाऱ्या प्रभूकडे असायचं. पाय मागे घेणारा पेत्र मला त्या रात्री पहिल्यांदा दिसला. तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत, असं तो म्हणतो, आणि मी ती त्याची नम्रता समजत आलो. प्रभू मात्र त्याला सरळ सांगतो, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. मी माणसांची सेवा पुष्कळ केली काका, पण स्वतःच्या पायाला कधी कुणाचा हात लागू दिला नाही.

दुसरा ताठा घराण्याचा. "आम्ही मूळचे शरणपूरचे," हे मी किती जणांना ऐकवलं असेल! शब्बाथ शाळेत तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं, की १८५० च्या दशकात मिशनऱ्यांनी नाशिकजवळ वसवलेल्या त्या शरणपुरात गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं वाढली आणि शिकली. तिथला जेकब वेनराइट तुमचा आवडता. १८७३ मध्ये आफ्रिका धुंडाळणारे मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन तिथेच आत कुठेतरी वारले, तेव्हा त्यांचा देह महिनोन्‌महिने चालत समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेत त्यांच्या शवपेटीच्या मानकऱ्यांतही होता. "आपलं शरणपूर ओझं वाहणाऱ्यांचं," असं तुम्ही म्हणायचात. मी त्यातलं शरणपूर तेवढं उचललं.

आपल्या मंडळीत तुमच्यासारखी आणखी माणसं आहेत. उपासना संपल्यावर गीतांची पुस्तकं गोळा करून दुमडलेली पानं सरळ करणाऱ्या मावशी आहेत. पावसात सगळ्यांच्या छत्र्या ओळीने लावणारा पोरगा आहे. यांचं नाव अहवालात येत नाही. तो अहवाल १६ वर्षं मी लिहिला, म्हणून सांगतो.

कालच्या रविवारी वॉकर सोडून पहिल्यांदा चर्चमध्ये गेलो. कपाट उघडलं. तुमची जोडी तशीच आहे, खोळीवर धूळ बसली आहे. तबला पार उतरलाय, मला तो लावता येत नाही. मी तेव्हा जे बोललो त्याची माफी मागतो काका, हे वाचणाऱ्या प्रत्येकासमोर. आणि त्या संध्याकाळबद्दल तुमचे उपकार मानतो.

नाताळचा सराव शनिवारी साडेसहाला सुरू होतोय. मशीन मी घरी नेऊन ठेवलं आहे. दुसऱ्या कडव्याला तुमचा हात थरथरला तर आम्ही थांबू, तो शांत होईपर्यंत. येताना हातोडी तेवढी आणा.

तुमचा,
पेटीवाला