विमानतळावरून परतल्यावर

सातारा, मंगळवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी ट्रॉली ढकलता ढकलता मी पुन्हा तेच विचारलं, "दोन वर्षांनी काय?" तू काही न बोलता आत गेलीस. काचेपलीकडून हात केलास, तो आईकडे बघून. तेव्हापासून चैन नाही. आज तो विषय काढायचा नाही, असं ठरवून लिहायला बसलोय.

तुझं डेन्मार्कचं नेमणूकपत्र काल आत्याला वाचून दाखवलं. पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, मुदत दोन वर्षं. दरमहा पगार, पेन्शनचा वाटा, वर्षाला पाच आठवडे भरपगारी रजा, आणि हे सगळं सरकार आणि संघटनेतल्या करारानुसार. आत्या म्हणाली, "मुदतीवरच्या माणसाला पेन्शन?" मला बोलता येईना. मी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, गं. दर जूनला नवी मुलाखत, मे महिन्यात हातात काही नाही. तू पोटात होतीस त्या दिवाळीला मानधन आलंच नाही आणि आईच्या पाटल्या गेल्या. हे लिहिलंय ते तिला सांगू नकोस. 'मुदत' शब्द दिसला की मला ते मस्टर दिसतं, माझ्या नावापुढची ओळ कोरी असलेलं.

तिकडचं वेगळं आहे, हे समजतं मला. मागच्या वर्षी जिथे तुझी निवड झाली नाही, तिथल्या समितीनेसुद्धा तुझ्या कामाबद्दल लेखी मत पाठवलं होतं. 'पात्र' असं त्यात स्पष्ट होतं. तू रडत होतीस आणि मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होतो. नऊ वर्षांत मला तेवढं कुणी लिहून दिलं नाही.

पण पोस्टडॉकनंतर आडयुंक्ट, म्हणजे सहायक प्राध्यापक, तीही मुदतीचीच जागा, आणि त्यापुढे लेक्टर, म्हणजे सहयोगी प्राध्यापक, झालीस की कायम. म्हणजे अजून दोन पायऱ्या. म्हणून डॅनिश आजपासून शीक. पदवीच्या वर्गांना बरंचसं डॅनिशमध्येच शिकवतात. शिकवण्याचे तास मिळतील तेवढे घे, त्यांची नोंद ठेव. आणि शेवटच्या रात्री अर्ज भरायची सवय सोड.

सुरू झालं बघ माझं. माफ कर.

तू दुसरीत असताना चेतकवरून चाळकेवाडीला गेलो होतो, आठवतं? वारा इतका की स्कूटर स्टँडवर उभी राहीना. तू पवनचक्कीकडे बघतसुद्धा नव्हतीस. गवतावरून पात्याची सावली सरकायची, तिच्यामागे पळायचीस. ती निसटली की कमरेवर हात ठेवून पुढच्या पात्याची वाट बघायचीस. आता तू रॉस्किल्डच्या खाडीकाठी, रिसोच्या संशोधन केंद्रात बसणार. १९७८ पासून तिथे पवनचक्क्या तपासतात, म्हणजे चाळकेवाडीला एकही पातं नव्हतं तेव्हापासून. शाळेतल्या सगळ्यांना सांगून आलो. शिपाईमामांनी तर दोनदा विचारलं, "आपली मुक्ताच ना?"

समुद्रातली जगातली पहिली पवनचक्क्यांची रांगही डेन्मार्कचीच, विंडेबीची, १९९१ सालची. अकराच होत्या. २०१७ मध्ये उतरवल्या. त्यांचीही मुदत संपली, असंच आलं मनात, काय करू?

अण्णांचा कोट आईने बॅगेत तळाशी घातलाय. जड आहे म्हणून काढून ठेवू नकोस. तिकडे डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. काम संपलं की फोन कर. इथे रात्र झाली असली तरी मी जागाच असतो.

तुझे बाबा

ता. क. मुदतवाढीबद्दल पत्रात काही लिहिलंय का, तेवढं बघशील? मला सापडलं नाही.