डिस्कवर स्टिकर नको, थेट छपाई करा

महोदय,

लग्नाच्या, गॅदरिंगच्या डीव्हीडीवर कागदी स्टिकर चिकटवण्याची पद्धत कोल्हापुरात अजून दिसते. स्टिकर जरा तिरका बसला की डिस्कचा तोल जातो, ड्राइव्ह घरघरतो. उष्णतेने कड सुटली तर डिस्क आतच अडकते. त्यापेक्षा डिस्कवर थेट छापणारा इंकजेट प्रिंटर घ्यावा. घेताना डिस्क ठेवून प्रिंटरमध्ये सरकवायचा ट्रे सोबत आहे का, हे आधी पाहावे. एप्सनच्या एल-८०५ आणि एल-८०५० मध्ये ही सोय आहे. शाईच्या टाकीच्या स्वस्त मॉडेलांत सहसा नसते, दुकानदार काहीही म्हणो.

डिस्कही 'प्रिंटेबल'च, म्हणजे वर शाई शोषणारा पांढरा थर असलेलीच हवी. साध्या चकचकीत डिस्कवर शाई शोषलीच जात नाही, बोटाला लागते. पांढरा थर मधल्या भोकाजवळपर्यंत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये आतला व्यास सुमारे २३ मिमी ठेवावा, थर लांबून सुरू होत असेल तर ४६. पट्टीने मोजून घ्यावे. आकडा चुकला तर शाई आतल्या पारदर्शक कड्यावर पडते, ट्रेला लागते आणि पुढची डिस्क बरबटते.

आधी रेकॉर्डिंग तपासावे, मगच छापावे. बिघडलेल्या डिस्कवर शाई कशाला घालवायची? आपल्याकडच्या पावसात मात्र डिस्क रात्रभर वाळू द्यावी, लगेच कव्हरात घालू नये.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर